पहारेकऱ्याची खोटी हाक

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक पहारेकरी असतो. एखाद्या प्रोसेसरवर गाभ्यातलेच काम २० सेकंदांहून अधिक काळ ठाण मांडून बसले आणि इतर कामांना पाळीच मिळाली नाही, तर तो ‘सॉफ्ट लॉकअप’ अशी हाक देतो. स्वतंत्र संगणकावर ही हाक बहुधा खरी असते. पण एकाच संगणकात अनेक आभासी यंत्रे पाहुण्यांसारखी नांदतात तेथे? पाहुण्याचा प्रोसेसर म्हणजे यजमानाने उसना दिलेला वेळ. गर्दी झाली की यजमान हात आखडता घेतो. पाहुणा थिजतो, घड्याळ मात्र पुढे सरकते. पहारेकरीही त्याच प्रोसेसरवर राबणारा! जागा होताच त्याला गेलेला काळ दिसतो. तो कोणी नेला, हे दिसत नाही. अशा वेळी ‘सॉफ्टलॉकअप_पॅनिक’ १ ठेवलेले असेल, तर धडधाकट यंत्र खोट्या हाकेने कोसळते आणि त्यावर चाललेले बँकेचे काम मध्येच तुटते.

‘वॉचडॉग_थ्रेश’ हा आकडा मुळात १० असतो. हाकेची मर्यादा त्याच्या दुप्पट. तो ३० केल्यास ६० सेकंदांची सवलत मिळते. शून्य केल्यास पहाराच उठतो. तसा सल्ला आम्ही देणार नाही. आधी ‘टॉप’ या आज्ञेत ‘एसटी’चा आकडा पाहावा (आपली लाल गाडी नव्हे!). यजमानाने हिरावलेल्या वेळेचा तो हिशेब आहे. तो फुगलेला असेल, तर यजमानावरची गर्दीच कमी करावी.