खेळांच्या पटावर : सूत्रधाराला आवर घालणारा फासा

भूमिकाखेळातला सूत्रधार मागच्या भागात आपण पाहिला. तो प्रसंग उभा करतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात आणि मग त्याचा परिणाम काय झाला हेही सूत्रधारच सांगतो. एवढी सत्ता एका माणसाकडे असली की ती कुठेतरी अडवावी लागते. फासा थरार आणतो, उत्सुकता ताणतो, असे त्याचे समर्थन नेहमी केले जाते आणि ते खरेही आहे. पण त्याचे मोठे काम दुसरेच आहे, असे मला वाटते. शेवट आधीच ठरवून बसलेल्या सूत्रधाराच्या हातून तो निकाल काढून घेतो. इतिहासावर बेतलेल्या खेळात तर या कामाला पर्यायच नाही.

दिल्लीच्या रिजवर आज जिथे हिंदूराव रुग्णालय आहे, ती जागा घ्या. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्यानंतर तिथला वाडा कागलच्या घाटगे घराण्यातल्या हिंदूरावांनी घेतला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे हे बंधू. १८५७ च्या उठावात ८ जूनला दिल्लीला वेढा घालायला इंग्रज फौज रिजवर चढली तेव्हा हाच वाडा त्यांचा आघाडीचा मोर्चा झाला आणि मेजर रीडच्या गुरखा पलटणीने तो सप्टेंबरपर्यंत सोडला नाही. आता या वेढ्यावर कोणी खेळ रचला आणि खेळाडू शहरातले शिपाई झाले, अशी कल्पना करा. १४ सप्टेंबरला हल्ला झाला आणि आठवड्याभरात दिल्ली पडली, हे सूत्रधाराने वाचलेले असते. खेळाडूंनी कितीही कल्पक बेत आखला तरी त्याचा कौल नकळत ठाऊक असलेल्या शेवटाकडे झुकतो. यात लबाडी नाही. निकाल कळला की आधीचे सगळे अटळ वाटू लागते, हा माणसाच्या बुद्धीचा स्वभावच आहे.

आणि ते तितके अटळ होते का? ऑगस्टच्या अखेरीस तटबंदी फोडणाऱ्या अवजड तोफा पंजाबातून इंग्रजांच्या छावणीकडे निघाल्या होत्या. त्या वाटेतच अडवाव्यात म्हणून बंडवाल्यांचा सेनापती बख्त खान शहराबाहेर पडला. पावसाळा ऐन भरात होता, नजफगढच्या बाजूला दलदल माजली होती. २५ ऑगस्टला इंग्रज सेनानी निकल्सनने त्याच चिखलातून कूच करत बंडवाल्यांच्या नीमचच्या तुकडीला गाठले; बख्त खानाची बरेलीची तुकडी मदतीला पोचलीच नाही. बंडवाल्यांच्या तेरा तोफा गेल्या आणि इंग्रजांच्या अवजड तोफा सप्टेंबरच्या सुरुवातीला रिजवर सुखरूप दाखल झाल्या. निकल्सनच्या तोफांची चाके पाण्यात रुतली असती, किंवा दोन्ही तुकड्या वेळेत एकत्र आल्या असत्या, तर त्या दिवसाचा निकाल वेगळा लागू शकला असता. कादंबरीकाराला हे ‘असते तर’ नुसते सुचवून पुढे जाता येते. खेळात ते प्रत्यक्ष घडण्याची वाट मोकळी ठेवावी लागते, आणि ती फाशाने मोकळी राहते.

नीमच तुकडीतला एक गोलंदाज आपली तोफ ओढ्यापार काढू पाहतो आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि चौदा किंवा वर पडले तर तोफ पार, असे ठरले, तर यशाची शक्यता शेकडा ३५. खेळाडूने आदल्या दिवशी गावातला वाटाड्या शोधून ठेवला असेल, तर सूत्रधार अट बारावर आणतो आणि शक्यता ४५ होते. आता त्याच अटींवर साधे सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज धरा. चौदा किंवा वर येण्याची शक्यता २१६ पैकी ३५, म्हणजे शेकडा सोळाच्या आसपास. बारा किंवा वर येण्याची २१६ पैकी ८१, म्हणजे साडेसदतीस. तोच वाटाड्या, तेच दोन अंक, पण इथे यशाची शक्यता दुपटीहून अधिक वाढली. म्हणजे कोणता फासा घ्यायचा हे ठरवतानाच पूर्वतयारीला किती मोल द्यायचे हेही ठरते. फासा खेळाडूच्या निर्णयाला निरर्थक करतो, या तक्रारीला याहून चांगले उत्तर मला सापडत नाही.

दुसरा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. रायस्विट्झने १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यासाठी जो युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्यात हानी किती झाली हे फासे ठरवत. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने फासे आणि कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला, कारण कोष्टकांत खेळ अडकून पडत होता. वेगाचा मुद्दा मान्य. पण पंचाला जे अशक्य वाटते ते कनिष्ठ अधिकाऱ्याला अशा खेळात करून पाहताच येत नाही. पंचाचे पूर्वग्रह हेच निसर्गनियम होऊन बसतात. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला तेव्हा सूत्रधाराला मोठे स्वातंत्र्य दिले, तरी फासे काढून टाकले नाहीत. १९९१ च्या ‘अँबर’ने ते काढले आणि एकमेकांची ताकद ओळखून असलेल्या राजघराण्यातल्या कारस्थानांत ते शोभूनही दिसले. नजफगढच्या चिखलात ते चालणार नाही.

आपल्याकडचा आक्षेप अर्थातच द्यूताचा. हस्तिनापूरच्या सभेत जे झाले त्याचा दोष फाशांवर टाकणे मात्र मला पटत नाही. दुर्योधनाच्या वतीने शकुनी दान टाकत होता आणि पणाला मर्यादा नव्हती. त्याच महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराला नळाची कथा ऐकवली जाते. सारे हरलेला नळ ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकतो, आणि झाडाची पाने-फळे अचूक मोजण्याची कला त्या विद्येच्या जोडीनेच येते. कथा सांगून झाल्यावर ती सांगणारा बृहदश्व ऋषी तीच विद्या युधिष्ठिरालाही देतो. मोजता येणारे दैव आणि आंधळे दैव यांतला फरक महाभारतकारांना चांगलाच ठाऊक होता. भूमिकाखेळात म्हणूनच दान टाकण्याआधी अट उघड सांगायची, हरल्यास काय गमवावे लागेल तेही सांगायचे आणि खेळाडूला माघार घेण्याची मुभा द्यायची. पडद्याआड फासे टाकून आकडा बदलणारा सूत्रधार शकुनीच्या जागी जाऊन बसतो, मग त्याने तो खेळाडूच्या भल्यासाठी का बदललेला असेना.

प्रत्येक गोष्टीसाठी मात्र फासा हातात घेऊ नये. गोलंदाजाने तोफेत बार भरला, शिपाई जिना चढला, यासाठी दान टाकणे म्हणजे वेळ घालवणे. यश आणि अपयश या दोन्हींतून गोष्ट पुढे जाणार असेल तिथेच ते टाकावे. तोफ ओढ्यात रुतलीच, तर पुढे काय? ती सोडून पळायचे, की अंधार पडेपर्यंत तिच्यापाशी थांबून बरेलीच्या तुकडीची वाट पाहायची, हे पुन्हा खेळाडूनेच ठरवायचे असते. याच्या अगदी उलट टोकाला असलेला, परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट आपण पुढच्या भागात पाहू. तिथे कवड्या पडतील तसे चढायचे नि उतरायचे, खेळाडूच्या हाती निर्णय असा राहतच नाही.