दर्ना : ज्या नदीने शहर वसवलं, तिनेच ते का वाहून नेलं?

११ सप्टेंबर २०२३. पहाटेच्या अंधारात लिबियातल्या दर्ना शहरात पाण्याचा लोंढा घुसला आणि अख्ख्या वस्त्या समुद्रात वाहून गेल्या. हजारो माणसं दगावली, अनेकांचे मृतदेह सापडलेच नाहीत. 'डॅनियल' वादळाने हा कहर केला, असं बातम्यांत सांगितलं गेलं. पण वादळाचा तडाखा पूर्व लिबियातल्या इतर शहरांनाही बसला होता. मग सर्वाधिक बळी दर्नातच का गेले?

दर्ना नेमकं कुठे आहे?

लिबिया म्हटलं की वाळवंट आठवतं. दर्ना मात्र भूमध्य समुद्राच्या काठावर, बेनगाझी आणि तोब्रुक यांच्या मध्ये आहे. शहराच्या पाठीशी जबल अख्दर, म्हणजे 'हिरवा डोंगर' आहे. लिबियात सर्वाधिक पाऊस याच डोंगराळ पट्ट्यात पडतो. तिथून निघणारी दर्ना नदी शहराच्या मधोमध वाहत समुद्राला मिळते. वर्षातला बराच काळ कोरड्या असणाऱ्या अशा नदीला अरबीत 'वादी' म्हणतात.

इथे शहर का वसलं?

पाण्यामुळे. परिसरातल्या झऱ्यांवर बागा फुलल्या. जाईच्या फुलांसाठी दर्ना आजही ओळखलं जातं. प्राचीन ग्रीकांच्या काळात इथे 'दार्निस' नावाचं गाव होतं. पुढे स्पेनमधून बाहेर पडलेले अंदालुसियाचे मुसलमान इथे येऊन राहिले. १८०५ मध्ये अमेरिकी अधिकारी विल्यम ईटन यांच्या तुकडीने इजिप्तमधून वाळवंट तुडवत येऊन दर्ना जिंकलं. परदेशी भूमीवरची अमेरिकेची ही पहिली लढाई मानली जाते. १९११ मध्ये इटलीने शहर घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धात ते अनेकदा या हातातून त्या हातात गेलं.

धरणं का बांधली?

वादी कोरडी दिसते, पण डोंगरात जोराचा पाऊस झाला की काही तासांत तिला पूर येतो. १९४१, १९५९ आणि १९६८ मध्ये असे पूर आले. म्हणून १९७० च्या दशकात युगोस्लाव्हियाच्या कंपनीने वादीवर दोन धरणं बांधली. वरच्या अबू मन्सूर धरणाची क्षमता २ कोटी २५ लाख घनमीटर होती. शहराजवळच्या अल-बिलाद धरणाची फक्त १५ लाख. म्हणजे वरचं फुटलं, तर खालचं ते पाणी अडवूच शकत नव्हतं.

धोका आधी माहीत नव्हता का?

माहीत होता. १९८६ च्या पुरात धरणांचं नुकसान झालं. १९९८ मध्ये त्यांना भेगा पडल्याचं आढळलं. २००७ मध्ये दुरुस्तीचं काम तुर्कस्तानच्या कंपनीला मिळालं. काम सुरू झालं, पण २०११ मध्ये गद्दाफींविरुद्ध उठाव झाला आणि ते बंद पडलं. त्यानंतर यादवी, 'इसिस'चा ताबा, मग खलिफा हफ्तार यांच्या फौजेचा वेढा यांत शहर अडकलं. देशात दोन सरकारं झाली आणि धरणांची जबाबदारी कुणीच घेतली नाही. २०२२ मध्ये एका लिबियन अभियंत्याने शोधनिबंध लिहून मोठ्या पुराचा इशाराही दिला होता.

त्या रात्री काय घडलं?

१० सप्टेंबरला जवळच्या अल-बायदा शहरात २४ तासांत ४१४ मिमी पाऊस झाला. दर्नात काहींना घर सोडायला सांगितलं गेलं, तर काहींना घरातच थांबायला. मध्यरात्रीनंतर दोन्ही धरणं फुटली. वादीच्या काठावरच्या इमारतींमध्ये लोक तेव्हा झोपेत होते.

पुढे काय झालं?

जुलै २०२४ मध्ये दर्नातल्या न्यायालयाने १२ अधिकाऱ्यांना ९ ते २७ वर्षांचा तुरुंगवास सुनावला. हवामान बदलामुळे इतक्या मोठ्या पावसाची शक्यता ५० पटींपर्यंत वाढली होती, असा निष्कर्षही शास्त्रज्ञांनी काढला.

पाऊस माणसाच्या हातात नव्हता. १९९८ मध्ये दिसलेल्या भेगा बुजवणं मात्र होतं, आणि त्यासाठी दर्नाकडे २५ वर्षं होती.