ब्लूजसाठी, प्रवासासाठी: छोटी गिटार

ब्लूज वाजवायला मोठी, महागडी गिटार लागते हा समज सोडा. ब्लूज गायक लेड बेलीच्या हातातली बारा तारांची स्टेला ही त्याच्या काळातल्या स्वस्तातल्याच ब्रँडची गिटार होती! छोट्या बॉडीत खर्ज कमी मिळतो, पण मधले स्वर ठसठशीत येतात आणि बोटांनी छेडलेला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. ब्लूजला नेमकं तेच हवं.

कमी बजेटमध्ये मला ग्रेच कंपनीची छोटी गिटार जिम डँडी आवडते. स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४ इंची, म्हणून तारांवर ताण कमी आणि बेंड सोपे. स्लाइड वाजवणार असाल तर मात्र थोड्या जाड तारा लावा. घेताना प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपर्यंत वाजवून बघा, रंगरूप नंतर. आणि प्रवासाला न्यायची असेल तर जाड पॅडिंगची बॅग सोबतच घ्या.