शिक्का म्हणजे दिलेला शब्द

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा आपल्या मालवणात झाला. त्या वेळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समुद्रात युद्धनौका आल्या होत्या. नौदलाच्या पांढऱ्या झेंड्यावर एक निळा अष्टकोन असतो. त्याचा अर्थ काय, ते आज पाहू.

हा झेंडा २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत पहिल्यांदा दाखवला गेला. आधीच्या झेंड्यावर इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली लाल फुली होती. ती गेली आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आठ बाजू म्हणजे आठ दिशा. आत नांगर आहे. शेतातला नव्हे, होडीचा. नांगर टाकला की वाऱ्यातही होडी जागा सोडत नाही, म्हणून ती स्थैर्याची खूण. वर अशोकस्तंभाचे सिंह आणि सोबत संस्कृत ब्रीद: वरुणदेव आमचे कल्याण करो, अशा अर्थाचे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना आपण वेगळे काय मागतो?

आता मूळ राजमुद्रेकडे वळू. त्या काळी दरबारी मुद्रा बहुधा फारसीत असत. महाराजांची संस्कृतात होती. तिचा आशय असा: शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाईल, जगाला वंदनीय होईल आणि ती लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे. म्हणजे हा नुसता नावाचा छाप नव्हता, तो रयतेला दिलेला शब्द होता.

महाराजांच्या पत्रांवर आणखी एक लहान मुद्रा असे, मर्यादा मुद्रा. मजकूर संपला की ती उमटवत. इथे पत्र संपले, यापुढे कोणी काही जोडू नये, हा तिचा अर्थ.

या दोन्ही मुद्रा आपल्या बचत गटालाही उपयोगी आहेत. गटाचा शिक्का सगळ्या सभासदांच्या वतीने बोलतो. म्हणून कोऱ्या कागदावर शिक्का नको, कोऱ्या पैसे काढायच्या स्लिपवर सही नको, मग मागणारा कितीही ओळखीचा असो. ठराव आधी सगळ्यांना वाचून दाखवा. मजकूर संपताच खाली आडवी रेघ मारा, रिकामी जागा सोडू नका. तीच आपली मर्यादा मुद्रा.

पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपला शिक्का कोणाकडे असतो आणि शेवटचा कशावर मारला? उत्तर सगळ्याजणींना ठाऊक असायला हवे.