छडी नसलेली मास्तरीण

परवा चार दिवस पुण्याला, वाकडला पुतणीकडे राहून आले. ती हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हुद्दा ‘स्क्रम मास्टर’. याचा अर्थ आमच्या घरात कुणालाच धड कळला नव्हता. सासूबाई तर गल्लीभर सांगायच्या, ‘आमची नात पुण्यात मास्तरीण आहे!’

त्या दिवशी ती घरूनच काम करणार होती. सकाळी दहाला तिनं लॅपटॉप उघडला. म्हटलं, बघू तरी मास्तरीणबाई कशी हुकूम सोडते! पण छे. पडद्यावरचे सात-आठ जण एकेक करून बोलत होते. काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलंय. ही आपली ऐकतेय, मधूनच टिपून घेतेय. एका मुलाचं काम दुसऱ्या विभागाच्या परवानगीवाचून दोन दिवस खोळंबलं होतं. ‘ते माझ्याकडे लागलं,’ एवढंच ती म्हणाली. पंधरा मिनिटांत बैठक संपलीसुद्धा!

‘अगं, तू कुणाला कामच नेमून दिलं नाहीस!’ मी म्हटलं.

‘काकू, कुणी कुठलं काम घ्यायचं ते त्यांचे तेच ठरवतात. मी त्यांची साहेब नाही. त्यांच्या वाटेतले काटे काढायचे, हे माझं काम.’

मग चहा घेता घेता तिनं मला सगळं समजावलं. पूर्वी सॉफ्टवेअर करताना महिनोन् महिने आखणी व्हायची आणि सगळं तयार झाल्यावर गिऱ्हाईक म्हणायचं, ‘अहो, आम्हाला हे नकोच होतं!’ याला कंटाळून 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथं सतरा तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘एजाइल’ म्हणजे चपळ कामाचा जाहीरनामा लिहिला. काम थोडं थोडं करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि चुकलं तर लगेच सुधारायचं. ब्लाउज पुरता शिवून बसण्यापेक्षा कच्चा टाका घालून अंगावर बघावा ना, तसंच! याच घराण्यातली ‘स्क्रम’ ही पद्धत. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी ती 1995 मध्येच जगापुढे मांडली होती. त्यात मुकादम नसतो. आपलं काम आपण ठरवणारी छोटी टोळी असते आणि तिची पाठराखण करणारा स्क्रम मास्टर असतो.

अशा माणसाला म्हणतात ‘सर्व्हंट लीडर’, सेवक-नेता. हा शब्द रॉबर्ट ग्रीनलीफ यांचा. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीत अडतीस वर्षं नोकरी करून ते 1964 मध्ये निवृत्त झाले आणि 1970 मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. तो त्यांना सुचला हर्मन हेसे यांच्या एका कादंबरीवरून. प्रवाशांच्या एका जथ्यात लिओ नावाचा गडी असतो. तो एक दिवस नाहीसा होतो आणि जथा फुटतो. पुढं कळतं, की तो गडीच त्या संघाचा प्रमुख होता! ग्रीनलीफ यांची कसोटी साधी आहे. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का?

खरं सांगते, ‘सेवा’ म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठीच पडली. सेवेचे धडे बायकांना कुणी द्यायला नकोत. जन्मभर तेच तर करतो! मी तिला तसं म्हटलंही.

ती हसली. ‘काकू, सुरुवातीला मीही तेच केलं. बैठकीची टिपणं मीच लिहायची, कुणाचा अहवाल राहिला तर मीच पुरा करायचा, वाढदिवसाचा केकसुद्धा मीच मागवायचा. दर दोन आठवड्यांनी आम्ही मागच्या कामाचा आढावा घेतो. त्यात एक नवी मुलगी म्हणाली, ‘तू रजेवर गेलीस की आमचं सगळं थांबतं.’ आधी छान वाटलं. रात्री मात्र झोप लागेना. हे कौतुक नव्हतं गं, माझं चुकत होतं.’

त्यानंतर तिनं टिपणांची पाळी लावली. अडलेल्याला उत्तर देण्याऐवजी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारू लागली. आणि वरचे साहेब अधेमधे नवं काम घुसवू लागले, तेव्हा ‘या दोन आठवड्यांत नाही’ असं सांगायलाही शिकली. 2020 मध्ये स्क्रमच्या नियमपुस्तिकेत शब्दही बदलले. ‘सेवक-नेता’ जाऊन ‘सेवा करणारा खरा नेता’ आलं. सेवा राहिली, पण मान खाली घालायची नाही.

मी गप्पच झाले. मला आमचा बचत गट आठवला. बारा जणी, नऊ वर्षं. हिशेब मी लिहिते, बँकेत मी जाते, वह्या माझ्याच कपाटात. ‘माझ्याशिवाय गटाचं पान हलत नाही,’ हे मी अभिमानानं सांगायची. गेल्या पावसाळ्यात टायफॉईडनं महिनाभर अंथरुणाला खिळले. बैठक झालीच नाही. आमच्यातल्या एकीला लेकीच्या फीसाठी पाच हजार हवे होते. गटात पैसे पडून होते, पण काढायचे कसे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं ते सावकाराकडून व्याजानं आणले आणि मला महिन्यानं सांगितलं. तेव्हा मी तिलाच रागावले होते!

पुण्याहून आल्यावर वही दुसरीच्या हाती दिली. सातवी शिकलेली बाई. पहिल्याच बेरजेत चाळीस रुपयांचा फरक आला. माझे हात नुसते शिवशिवत होते, पण ते पदराखाली दाबून बसले. तासाभरानं चूक तिची तिलाच सापडली. तिचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू!

पुढच्या बैठकीला मी मुद्दाम परगावी जाणार आहे. बैठक होते का, ते बघायचंय. मैत्रिणींनो, तुमच्यावाचून कुठं काय अडतं, ते तुम्हीही एकदा मोजून बघा. आणि त्यातलं एक तरी काम या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या हाती द्या.