गाडीने जात विचारली नाही, फलाटाने विचारली!

बावड्याच्या माणसाला रेल्वे पकडायची तर आधी एसटी पकडावी लागते. आपल्या इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाने, भिगवण-डिकसळवरून मुंबई-सोलापूरचा लोहमार्ग गेला. पश्चिमेला दौंडहून बारामतीपर्यंत १९१४ साली छोटी गाडी आली. पूर्वेला पंढरपूरपर्यंत बार्शी लाइट आली. मधल्या नीरा-भीमेच्या पट्ट्यात मात्र इंजिनाची शिट्टी कधी वाजली नाही. तरीही दौंड-कुर्डुवाडीच्या बाजूला आपली सोयरीक नाही असे घर विरळाच. त्या नात्यागोत्यांत कोणाचे आजोबा गँगमन होते, कोणाचे लोकोशेडमध्ये कोळसा ओढत होते. म्हणून रेल्वेचा इतिहास हा केवळ साहेबांचा आणि शेठजींचा इतिहास नाही. तो आपलाही आहे आणि आपण तो आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

खाणकामगाराच्या पोराचे इंजिन

चुलीवरच्या भगुल्याचे झाकण वाफेने थडथडते, हे प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. इंजिनातही तीच शक्ती. भट्टीत कोळसा पेटवायचा, बॉयलरमधल्या पाण्याची वाफ करायची, ती सिलिंडरमध्ये कोंडून दट्ट्या पुढे-मागे ढकलायचा आणि दांड्याने त्याची गती चाकाला द्यायची. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना 'झुक झुक' असा आवाज होई आणि त्याच झोताने भट्टीतला विस्तव अधिक फुले. फायरमनला सतत फावड्याने कोळसा घालावा लागे. बॉयलरला पाणी पाजण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी टाक्या लागत.

रुळावर वाफेचे इंजिन प्रथम चालविले ते रिचर्ड ट्रेव्हिथिकने, १८०४ साली. पण रेल्वे खऱ्या अर्थाने उभी केली जॉर्ज स्टीफन्सनने. १८२५ साली इंग्लंडमधील स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर त्याचे इंजिन धावले. हा स्टीफन्सन कोण होता? कोळशाच्या खाणीवर भट्टी सांभाळणाऱ्या गरीब कामगाराचा मुलगा! अठराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. स्वतःच्या मजुरीतून पैसे भरून तो रात्रशाळेत शिकला. आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

बोरघाटात कोण राबले?

आपल्याकडे प्रवाशांची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर २१ मैल, डबे १४, निमंत्रित पाहुणे सुमारे ४००. तोफांची सलामी झाली. नाना शंकरशेट यांनी या कामी पुढाकार घेतला होता. शाळेच्या पुस्तकात एवढे येते आणि धडा संपतो.

खरा धडा पुढे आहे. मुंबईची गाडी पुण्याला आणायची तर मध्ये बोरघाट उभा. हे काम १८५६ च्या सुमारास सुरू होऊन १८६३ साली पुरे झाले. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ आणि २५ बोगदे. कड्यावर उभे राहायला जागा नसे, तेव्हा माणसे दोराने खाली सोडून खडकात सुरुंगाची भोके पाडली जात. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. त्यांत दगडमातीच्या कामात मुरलेले वडार होते, गावकुसाबाहेरचे कष्टकरी होते, पोटासाठी आलेले शेतमजूर होते. पाट्या वाहायला बायका आणि लेकरेही होती. झावळ्यांच्या झोपड्यांत पटकीची साथ आली की माणसे पटापट मरत. या घाटाने हजारोंचा बळी घेतला.

मजुरी वेळेवर न मिळाल्याने जानेवारी १८५९ मध्ये येथे मजुरांचा उठाव झाला. नंतर जुन्या ठेकेदाराला काम सोडावे लागले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी भारतात आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका स्वतःच्या हाती घेऊन इंजिनिअरांच्या मदतीने तो तडीस नेला. तिचे नाव इतिहासात राहिले, याचा आनंदच आहे. पण पाटी वाहताना मेलेल्या आपल्या एकाही आयाबहिणीचे नाव राहिले नाही.

पंढरपूरपर्यंत रूळ, देवळापर्यंत नाही

घाटाचे काम चालू असतानाच पुण्याच्या पुढचे रूळ पडत होते. १८६० साली ते सोलापूरला पोचले. आपल्या तालुक्यातल्या डिकसळजवळ भीमेवर रेल्वेचा पूल झाला. पुढे उजनी धरणामुळे लोहमार्ग हलवावा लागला आणि त्या जुन्या पुलावरून गाड्यांऐवजी रस्त्याची वाहतूक सुरू झाली.

बार्शीची पेठ मोठी, पण मुख्य मार्गापासून २१ मैल दूर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तेथे अडीच फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग टाकला. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी ती ओसंडून वाहे. १९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत सारा मार्ग रुंद झाला.

आता एक हिशेब मांडू. १९०६ सालापासून कोणीही तिकीट काढून गाडीने पंढरपूरला उतरू शकत होता. तिकिटाच्या खिडकीवर पैसे सर्वांचे सारखेच! पण विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे गाडीने आपल्याला पंढरपूरला नेले, तरी पुढची काही पावले चालायला ४१ वर्षे लागली.

मसूरचे स्टेशन

तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोणाशेजारी कोण बसले आहे, हे पाहण्याची सोय नव्हती. भल्याभल्यांचे सोवळे तेथे गळून पडले. पण फलाटावर पाय ठेवला की जात पुन्हा हजर! स्टेशनांवर पाणीसुद्धा 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे असे.

१९०१ साली बालवयातील बाबासाहेब आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. वडील गोरेगावला नोकरीस होते. मुले मसूरला उतरली. अंगावर नवे कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. मुलांनी जात सांगताच त्याचा चेहरा बदलला. कोणी बैलगाडीवाला त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला आणि स्वतः पायी चालत आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

मनमाडला काय सांगितले?

१८५३ साली, म्हणजे पहिली गाडी धावली त्याच वर्षी, कार्ल मार्क्सने एका अमेरिकन वृत्तपत्रात भाकीत केले होते. रेल्वेतून आधुनिक उद्योग वाढतील आणि ज्या पिढीजात कामवाटपावर जाती उभ्या आहेत ते मोडून पडेल, असे त्याचे म्हणणे होते. तसे घडले का?

याचे उत्तर ८५ वर्षांनी मनमाडला मिळाले. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्यांनी दाखवून दिले, की आपला माणूस रेल्वेत आला तरी गँगमनच्या पुढे सरकत नाही. त्याला साधा पोर्टरसुद्धा करीत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे आणि अस्पृश्याचा हात त्या घरात चालत नसे. म्हणूनच ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे ठणकावून सांगितले. यंत्र नवे आले, पण कामाची वाटणी जुनीच राहिली होती.

ती वाटणी आपोआप मोडली नाही, ती मोडावी लागली. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९७० पासून हे प्रमाण १५ टक्के झाले. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या या सवलती नाकारल्या गेल्या. रेल्वे ही केंद्राची! त्यामुळे कागदोपत्री बौद्ध म्हणवणाऱ्या तरुणाला रेल्वेची राखीव जागा मिळेना. हा अन्याय दूर व्हायला १९९० साल उजाडले.

आता आपले काम

ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा १९९५ च्या अखेरीस संपली. धूर गेला, डिझेल आले आणि आता वीज आली. गँगमनला पुढे ट्रॅकमन म्हणू लागले. नाव बदलले, पण ऊन-पावसात हातोडा घेऊन रूळ तपासणारा माणूस बदललेला नाही. त्या कामात कमीपणा मुळीच नाही. त्याच्या एका चुकीने शेकडो जीव जातील, इतके ते जबाबदारीचे आहे. आक्षेप एवढाच, की ते काम बापाकडून मुलाकडे वारसा म्हणून का यावे?

समाजबांधवांनो, दोन गोष्टी कराव्यात. घरात कोणी रेल्वेतून निवृत्त झाले असेल, तर त्यांच्याजवळ बसून त्यांची नोकरीची हकीकत वहीत उतरवून घ्यावी. जुना पास, बिल्ला, नेमणुकीचा कागद रद्दीत घालू नये. बोरघाटात मेलेल्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, निदान दौंड-कुर्डुवाडीला राबलेल्यांची तरी लिहिली जावीत. आणि रेल्वे भरतीची जाहिरात निघाली की आपल्या मुलांनी, आणि मुलींनीही, फक्त खालच्या जागांवर नजर ठेवू नये. आयटीआय करावे, डिप्लोमा करावा, इंजिनिअर व्हावे. स्टेशनमास्तरची खुर्चीही आता परीक्षेनेच मिळते. ज्या खुर्चीवरून मसूरला जात विचारली गेली, त्या खुर्चीवर आपली लेक बसली पाहिजे.