मरून टी-शर्ट, गुलाबी लोगो

तुमच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जरा हात घालून बघा. अॅन्युअल डेचा एक, टीम आउटिंगचा एक, कुठल्याशा प्रॉडक्ट लाँचचा एक... ऑफिसने फुकट दिलेल्या टी-शर्टांचं छोटंसं म्युझियमच असतं तिथे. या टी-शर्टांची कुंडली ठरलेली. पहिल्या दिवशी ग्रुप फोटो, दुसऱ्या दिवसापासून झोपताना, आणि सहा महिन्यांनी बाइक पुसायला. मग आपण एचआरच्या नावाने बोटं मोडतो. पण नव्वद टक्के वेळा गुन्हेगार असतं ते कापड.

हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण आमच्या ऑफिसचे टी-शर्ट ऑर्डर करणारी मीच होते.

कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून २२० टी-शर्ट करायचे ठरले. 'तुझा कलर सेन्स चांगला आहे' एवढ्या क्वालिफिकेशनवर काम माझ्या गळ्यात पडलं. सप्लायरने टेबलावर सॅम्पलचा गठ्ठा टाकला. मी दोन बोटांत कापड धरून पाहिलं, मऊ लागलं. 'पीसी कॉटन आहे मॅडम, एकदम ब्रँडेड क्वालिटी.' झालं! मरून रंग, छातीवर पांढरा लोगो. कार्यक्रमाच्या दिवशी सगळे सॉलिड दिसत होते. पंधरा दिवसांनी लोगो गुलाबी झाला.

धुताना रंग लागला असेल म्हणावं, तर काही टी-शर्ट अजून पिशवीतून बाहेरही आले नव्हते. त्यांचेही लोगो गुलाबी! सप्लायरने फोन उचलणं बंद केलं आणि ऑफिसात माझं नाव काही दिवस 'पिंकी' पडलं.

उलगडा केला तो एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने. पॉलिएस्टर ज्या रंगांनी रंगवतात, ते पुरेशी उष्णता मिळाली की वाफेसारखे उडायला लागतात. छपाईची शाई पक्की करायला कापड साधारण १६० अंशांपर्यंत तापवावं लागतं. तेवढ्यात मरून रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढतो, कधी लगेच, कधी चांगले आठ-पंधरा दिवस घेऊन. लाल, मरून आणि नेव्ही ब्लू हे यातले अट्टल. उपाय आहेत: कमी तापमानाला पक्की होणारी शाई वापरायची, नाहीतर लोगोखाली रंग अडवणारा करडा थर द्यायचा. पण ते आधी सांगावं लागतं, आणि सांगायला आधी कापडात पॉलिएस्टर किती आहे ते माहीत पाहिजे.

'तुमच्यात तर कॉटन औषधालाही नाही,' असं म्हणून त्याने शिवणीतून एक दोरा काढून बाजूला टाकला, मग खुद्द कापडातला धागा उसवला आणि चिमट्यात धरून काडी लावली. (शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरच असतो, तो जाळून काही कळत नाही.) धागा जळण्याऐवजी आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी तयार झाला. कॉटन कागद जळल्यासारखा वास देत जळतं आणि बोटाने चुरडता येईल अशी राख उरते. मिश्रणात दोन्ही होतं, थोडी राख, थोडा खडा. नेमका आकडा यातून कळत नाही, त्याला लॅब लागते. पण 'पीसी' म्हणून शुद्ध पॉलिएस्टर कोणी खपवत असेल, तर ते दहा सेकंदांत कळतं. ही टेस्ट सिंकवर करा. आणि ऑफिसात स्मोक अलार्मखाली अजिबात नको!

आता मिश्र कापड म्हणजे काही तरी हलकं, भेसळीचं, असा आपला एक समज असतो. आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम काढा. त्या काळी टेरिकॉटचा शर्ट म्हणजे शान होती! टेरिलीन १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलं, आणि पुढे त्यात कॉटन मिसळल्यावर घरोघरची इस्त्रीची कटकट कमी झाली. मिश्रणाचा फंडा आजही तोच आहे. कॉटन घाम पितं, पॉलिएस्टर पीत नाही. हवेतल्या ओलाव्यातून कॉटन आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतं, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. म्हणून कॉटन अंगाला बरं वाटतं, आणि म्हणूनच ते वाळायला वेळ लावतं, चुरगळतं, आटतं. पॉलिएस्टर आकार सोडत नाही, रंग टिकवतं, पण वास धरतं. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २६ जणांना स्पिनिंग करायला लावून त्यांचे टी-शर्ट हुंगवले होते (काय एकेक नोकऱ्या असतात!). पॉलिएस्टरचे जास्त घाणेरडे ठरले.

गुलाबी प्रकरणानंतर मी पापक्षालन म्हणून दुसरं टोक गाठलं. पुढच्या वर्षी गेटवरचे सिक्युरिटी, हाउसकीपिंगच्या मावशी आणि ड्रायव्हर यांच्यासाठी लोगोचे पोलो टी-शर्ट करायचे होते. १०० टक्के कॉटन, चांगलं जाडजूड, २२० जीएसएम. माणशी दोन. मला वाटलं, आता दुवा मिळतील.

जुलैत गेटवरचे काका ओलसर टी-शर्ट घालून उभे. 'काका, भिजलात का?' 'नाही मॅडम, रात्री धुतला, वाळलाच नाही. दुसरा परवापासून दोरीवर आहे.' एका खोलीत चार जण राहतात, पंखा एक. कापड चांगलं आहे, पण पावसाळ्यात उपयोगाचं नाही, असं त्यांनी अगदी संकोचून सांगितलं. मावशींची तक्रार वेगळी होती. 'ताई, दोन धुण्यांत वर चढला बघा.' २८ इंच लांबीचा टी-शर्ट पाच टक्के आटला, तर जवळजवळ दीड इंच जातो. आपण एचआरवाले आणि सॉफ्टवेअरवाले तो लोगो वर्षातून दोनदा मिरवतो. हे लोक तो दिवसाचे दहा-बारा तास, आठवड्याचे सहा दिवस घालतात. आणि सॅम्पल बघायला मीटिंगमध्ये बसतो कोण? आपण, एसीत.

तेव्हा ऑर्डर देताना रंगाच्या आधी हा प्रश्न विचारा: हे घालणार कोण, किती वेळ, आणि धुणार कुठे? रोज घालायचं आणि रोज धुवायचं असेल, तर ६० टक्के कॉटन आणि ४० टक्के पॉलिएस्टर किंवा त्याच्या आसपासचं मिश्रण आपल्या हवेला बरं पडतं. यालाच 'सीव्हीसी' म्हणतात, म्हणजे कॉटनचा वाटा जास्त. नुसतं 'पीसी' म्हटलं की उलटंही असू शकतं, ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कॉटन. शर्ट-पँटच्या युनिफॉर्मला ते चालतं, इस्त्री टिकते. पण दुपारी उन्हात उभं राहणाऱ्या माणसाला नको. म्हणून कोटेशनवर 'पीसी' असं मोघम लिहून घेऊ नका, आकडे लिहून घ्या. एका दिवसाच्या मॅरेथॉनसाठी मात्र खुशाल पॉलिएस्टर घ्या. धावताना ते पटकन वाळतं, आणि फुल कलर डिझाइन कापडात मुरवायचं ते सब्लिमेशन पॉलिएस्टरवरच खुलतं, मिश्रणावर फिकट आणि जुनाट दिसतं.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. चाकण-भोसरीतल्या शॉपफ्लोअरवर, वेल्डिंगजवळ किंवा कँटीनच्या भट्टीपाशी काम करणाऱ्यांना पॉलिएस्टरचा टी-शर्ट देऊ नका. तो मणी आठवा. ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. तिथे कॉटन, आणि खरा धोका असेल तिथे आगीला तोंड देणारं खास कापड. ब्रँडिंगसाठी सगळ्यांना एकसारखं हवं, हा हट्ट अशा वेळी सोडावा.

जीएसएमचा बाऊ करू नका. एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, एवढंच ते. सप्लायरकडे गोल कटर असतो, तो बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतो. चकती १.८ ग्रॅम भरली की कापड १८० जीएसएमचं. टी-शर्टचं विणलेलं कापड किलोवर विकलं जातं, त्यामुळे २०० सांगून १७० देण्यात कोणाचा फायदा आहे हे वेगळं सांगायला नको. चकती समोर कापून घ्या. १४०-१५० च्या पातळ कापडावर भरतकामाचा लोगो करू नका, चहूबाजूंनी चुण्या पडतात. तिथे प्रिंट बरा. भरतकाम हवं असेल तर २०० च्या पुढचं मॅटी कापड घ्या. मॅटी म्हणजे पोलो टी-शर्टचं ते बारीक जाळीदार विणीचं कापड.

रंगाचं दुखणं उरतंच. मिश्र कापड नीट रंगवायचं तर दोनदा रंगवावं लागतं, कारण दोन्ही धाग्यांना वेगळे रंग लागतात. पॉलिएस्टरला दाबाखाली १३० अंशांचं पाणी, कॉटनला त्यापेक्षा बरंच कमी. दोन्ही छटा जुळल्या नाहीत, की ट्यूबलाइटखाली हुबेहूब वाटणारा तुमच्या कंपनीचा निळा रंग उन्हात जांभळट दिसतो. त्यामुळे रंगाचा नमुना आला की तो घेऊन सरळ गच्चीवर जा. आणि 'बायोवॉश' शब्दाला भुलू नका. ती एन्झाइमची प्रक्रिया कॉटनचे सुटे तंतू साफ करते, पॉलिएस्टरला हातही लावत नाही. मिश्र कापडावर गोळे येतात ते बहुतेक या चिवट पॉलिएस्टरमुळे. कॉटनचे गोळे गळून पडतात, याचे लटकून राहतात.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. तिरुपूरहून आलेल्या कापडाचे तीन सॅम्पल टी-शर्ट शिवून घेतले, लोगोसकट. एक मी घरी दहा वेळा मशीनमध्ये धुतला. एक मावशींना दिला, त्यांनी तो ब्रशने घासून धुतला, जे मशीनपेक्षा भयंकर असतं. तिसरा गेटवरच्या काकांना दिला, पंधरा दिवसांसाठी. ६०:४० मिश्रण, २१० जीएसएम, मॅटी. रंग मुद्दाम राखाडी निळा, घामाचे डाग कमी दिसावेत म्हणून.

पंधरा दिवसांनी काका टी-शर्ट घडी घालून घेऊन आले. सकाळपर्यंत वाळतो म्हणाले. उन्हात चिकटत नाही. लोगो आहे तसा आहे.

'मग हाच फायनल करू?'

ते थोडे घुटमळले. 'करा की. पण मॅडम, याला खिसा नाही. पेन आणि चष्मा कुठे ठेवू?'

लोगो डावीकडे होता, तो उजवीकडे सरकवला. डावीकडे खिसा लावला.